विश्लेषण : कलेच्या इतिहासाची पुस्तके नागपुरात शोधायची कुठे? कपाटात काय आहे आणि फोनवर काय मिळते?

‘ताई, मार्कंड्यावर काहीच मिळून नाही राहिलं न. तू इंजिनीअर आहेस, तूच दे शोधून.’ मावसबहिणीचा हा मेसेज रात्री अकराला आला. ती चित्रकलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंडा देवस्थानाच्या शिल्पांवर तिला तीसेक पानांचा प्रबंध द्यायचा होता आणि हातात तीन आठवडे होते. तिच्याजवळ जमा झालेले साहित्य म्हणजे व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली एक पीडीएफ, दोन ब्लॉग आणि स्वतः काढलेले साठ फोटो. पीडीएफमधले परिच्छेद ब्लॉगमध्ये होते, ब्लॉगमधले पीडीएफमध्ये. मूळ कुणाचे, ते दोन्हीकडे लिहिलेले नव्हते.

इंजिनीअरिंगचा आणि मंदिरशिल्पाचा संबंध काय, हे मी विचारले नाही. पण पुढचे काही दिवस शोधाशोध केल्यावर लक्षात आले, की साहित्य पुष्कळ आहे. ते कोणत्या नावाखाली, कोणत्या कपाटात आणि कोणत्या लॉगिनमागे ठेवले आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. बीएफएचे विद्यार्थी, कलाशिक्षक पदविका करणारे, दृश्यकला विषयात नेट देणारे आणि स्पर्धा परीक्षेसाठी ‘कला व संस्कृती’ वाचणारे, अशा सगळ्यांचीच ही अडचण आहे.

कलेची पुस्तके मिळत का नाहीत?

पहिले कारण पैशाचे. कलेच्या पुस्तकात चित्रे लागतात, चांगला कागद लागतो, त्यामुळे किंमत चढते. वॉल्टर स्पिंक यांचा अजिंठ्यावरचा ग्रंथ सात खंडांचा आहे आणि परदेशी प्रकाशकाचा आहे. विद्यार्थ्याने तो विकत घेणे शक्यच नाही, आणि लहान ग्रंथालयालाही तो परवडत नाही. दुसरे कारण, महागडे पुस्तक आले की त्यावर ‘संदर्भ’ असा शिक्का बसतो. ते घरी नेता येत नाही, तिथेच बसून वाचावे लागते.

तिसरे कारण आपल्या शहरातल्या कुणालाही ठाऊक आहे. ग्रंथालये भरलेली असतात, पण अभ्यासिका म्हणून. मुले स्वतःची पुस्तके, स्वतःचा डबा आणि चार्जर घेऊन येतात, दिवसभर बसतात आणि जातात. ग्रंथालयातल्या पुस्तकाला हात लावणारे कमीच. मागणी नाही म्हणून खरेदी नाही, आणि खरेदी नाही म्हणून मागणी नाही. बहीण एका ग्रंथालयात गेली तेव्हा तिला सांगण्यात आले, की पुस्तके कपाटात आहेत आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत. ती तीनदा गेली. तिसऱ्या वेळी किल्ली मिळाली आणि पुस्तकही मिळाले, हेही सांगायला हवे.

कपाटासमोर उभे राहिल्यावर काय शोधायचे?

आकडे. बहुतेक महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय ग्रंथालयांत पुस्तके ड्युई दशांश पद्धतीने लावलेली असतात. पुस्तकाच्या कण्यावर चिकटवलेला आकडा हा त्याचा पत्ता. कला म्हणजे ७०० ते ७९९. कलेचा इतिहास ७०९ वर, भारतीय कलेचा ७०९.५४ वर. शिल्पकला ७३० च्या पट्ट्यात, रेखाटन ७४१, चित्रकला ७५० पासून पुढे, छायाचित्रण ७७०.

इथे एक गंमत आहे आणि बहुतेक जण तिथेच अडकतात. मंदिरांवरची पुस्तके शिल्पकलेत नसतात. ती ७२६ ला, म्हणजे धार्मिक वास्तूंच्या खाली जातात. मूर्तिशास्त्र ७०४.९ च्या आसपास सापडते. आणि उत्खननाचे अहवाल, शिलालेख, वाकाटक, यादव ही सगळी मंडळी कलेच्या कपाटात येतच नाहीत. ती इतिहासात, ९३४ किंवा ९५४ ला बसलेली असतात. म्हणजे मार्कंड्यावर काम करणाऱ्याने किमान तीन कपाटे पाहायला हवीत. काही जुन्या ग्रंथालयांत रंगनाथन यांची द्विबिंदू पद्धत आहे. तिथे ललित कलांसाठी आकडा नसून इंग्रजी एन हे अक्षर असते. आणि सार्वजनिक ग्रंथालयांत बरेचदा दोन्ही नसते, दाखल क्रमांकाची वही असते. अशा ठिकाणी ग्रंथपालांना विषय नीट सांगणे, हाच सगळ्यात वेगवान सर्च आहे. ‘चित्रकलेचे काही आहे का’ असे न विचारता ‘मंदिर स्थापत्य, मूर्तिशास्त्र, चांदा जिल्हा’ असे तीन शब्द सांगा.

नागपुरात कोणती ठिकाणे?

शासकीय चित्रकला महाविद्यालयाचे ग्रंथालय हे पहिले. तिथले विद्यार्थी नसाल, तर आपल्या प्राचार्यांचे किंवा विभागप्रमुखांचे पत्र घेऊन जावे. हे पत्र म्हणजे साधे पाच ओळींचे असते, पण त्याविना दारातून परत यावे लागण्याची शक्यता असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ १९२३ चे. त्याच्या ग्रंथालयाबरोबरच प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग लक्षात ठेवा. पवनी, टाकळघाट-खापा, माहुरझरी ही नावे ज्या उत्खननांमुळे देशभर पोहोचली, ती याच विभागाशी जोडलेली आहेत. पवनीच्या १९६९-७० च्या उत्खननाचा शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांचा अहवाल नागपूर विद्यापीठानेच छापला. गो. बं. देगलूरकर यांचे महाराष्ट्रातील मंदिर स्थापत्य आणि शिल्पावरचे इंग्रजी पुस्तकही नागपूर विद्यापीठाचेच प्रकाशन आहे. मंदिरशिल्पावर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला या पुस्तकाचे नाव तोपर्यंत कुणी सांगितले नव्हते. यात दोष तिचा नाही.

विदर्भ संशोधन मंडळाची वार्षिके ही दुसरी दुर्लक्षित खाण. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी हे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत. वाकाटकांचे ताम्रपट आणि लेख त्यांनी वाचले, संपादित केले. १९६३ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या शिलालेखमालेचा पाचवा खंड म्हणून ते प्रसिद्ध झाले. मराठीतून वाचायचे असेल तर ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ आणि ‘संशोधन मुक्तावलि’चे भाग आहेत. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला ताम्रपट कशाला, असे वाटेल. पण अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री होता, आणि त्या शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. दुसऱ्या शाखेचे नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. अजिंठ्याचा इतिहास लिहिताना विदर्भ मध्ये येतोच.

सीताबर्डीवरच्या विदर्भ साहित्य संघाचे ग्रंथालय मराठी पुस्तके आणि नियतकालिकांसाठी उपयोगी. शासकीय विभागीय ग्रंथालयही यादीत ठेवा. आणि अजब बंगला. १८६३ सालचे हे मध्यवर्ती संग्रहालय आपण शाळेच्या सहलीत पाहिलेले असते, त्यामुळे ते ‘झालेले’ असते. कलेच्या विद्यार्थ्याने ते वही घेऊन पुन्हा पाहावे. मूर्तीखालच्या पाटीवरचे सापडल्याचे ठिकाण, काळ आणि दगड उतरवून घ्यावा, वस्तूवर क्रमांक असेल तर तोही. प्रबंधात ‘नागपूर संग्रहालयातील एक मूर्ती’ असे लिहिणे आणि क्रमांकासह लिहिणे, यात परीक्षकाच्या दृष्टीने बराच फरक आहे.

मार्कंडा शेवटी सापडला कुठे?

चुकीच्या जिल्ह्यात. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ साली. त्याआधीच्या कुठल्याही पुस्तकात ‘गडचिरोली’ टाकून काही मिळणार नाही. शोधायचे ते ‘चांदा’ जिल्ह्यात आणि ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’मध्ये. गावाचे नावही मार्कंडा, मार्कंड, मार्कंडी असे बदलते. भद्रावतीचे तसेच, जुन्या अहवालांत ते भांदक आहे. वाशीम तर रोमन लिपीत बासिम असे लिहिले जायचे. सर्च इंजिनला हे माहीत नसते, आपल्याला माहीत असावे लागते.

एकदा शब्द बदलले आणि पंधरा मिनिटांत चार गोष्टी समोर आल्या. अलेक्झांडर कनिंगहॅम यांचा १८७३ ते १८७५ मधल्या मध्य प्रांतातल्या दौऱ्याचा अहवाल, म्हणजे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जुन्या मालिकेतला नववा खंड. त्यात मार्कंड्याच्या मंदिरांचे वर्णन आहे. हेन्री कझिन्स यांची १८९७ ची मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या प्राचीन अवशेषांची यादी. रायबहादूर हिरालाल यांची १९१६ ची शिलालेखांची सूची. आणि चांदा जिल्ह्याचे १९०९ चे गॅझेटिअर. चारही पुस्तके जुनी असल्याने कॉपीराइटबाहेर आहेत आणि फुकट उतरवता येतात.

ती आहेत प्रामुख्याने दोन ठिकाणी. एक, इंटरनेट अर्काइव्ह. दुसरे, केंद्रीय संस्कृती मंत्रालयाचे ‘इंडियन कल्चर’ पोर्टल, जे डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि ज्याची तांत्रिक बाजू आयआयटी मुंबईने उभी केली. पुरातत्त्व खात्याचे अहवाल आणि दुर्मिळ पुस्तके त्यावर आहेत. फोनवर वाचायला पोर्टल थोडे जड आहे, पीडीएफ उतरवून घेणे बरे.

इंटरनेट अर्काइव्हबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे माझ्या पदवीचा अखेर काहीतरी उपयोग झाला. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी प्रकल्पात स्कॅन झालेली लाखो पुस्तके तिथे चढवलेली आहेत. त्यात मराठी पुस्तकेही मुबलक आहेत. पण त्यांची नावे नोंदवणाऱ्यांनी ती रोमन लिपीत, वाटेल त्या स्पेलिंगने टाकली आहेत. ‘चित्रकला’ हा शब्द चार प्रकारे लिहिलेला सापडतो. देवनागरीत शोधले तर त्यातले बरेचसे पुस्तक दिसतच नाही. शिवाय पानांची केवळ छायाचित्रे असतात. देवनागरी मजकूर यंत्राने नीट ओळखलेला नसतो, म्हणून पुस्तकाच्या आत शब्द शोधता येत नाही. उपाय असा : आधी भाषेच्या फिल्टरमध्ये मराठी निवडा, मग लेखकाच्या आडनावाने रोमन लिपीत शोधा, दोन-तीन स्पेलिंग करून पाहा. आणि पुस्तक मिळाले, की शेवटची सूची आधी उघडा. यंत्राच्या सर्चपेक्षा ती भरवशाची.

मंदिरांच्या चांगल्या छायाचित्रांसाठी गुरुग्रामच्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा ऑनलाइन छायाचित्रसंग्रह पाहा. स्वतःच्या साठ फोटोंतला कोणता देव कोणत्या भिंतीवरचा, हा गोंधळ अशा संग्रहातल्या नोंदी पाहून बराच सुटतो.

मराठीत काय वाचावे?

उत्तरपत्रिका मराठीत लिहायची आणि वाचायचे इंग्रजीत, यात खरी अडचण पारिभाषिक शब्दांची होते. त्यासाठी मराठी विश्वकोश. तो संपूर्ण ऑनलाइन आहे, फुकट आहे आणि कला-वास्तुकलेच्या नोंदी जाणकारांनी लिहिलेल्या आहेत. नोंदीखाली लेखकाचे नाव आणि संदर्भही असतात, म्हणजे प्रबंधात तो नि:संकोच देता येतो.

महाराष्ट्रातल्या चित्रकार-शिल्पकारांसाठी ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड, संपादक सुहास बहुळकर आणि दीपक घारे, २०१३. चरित्रकोशातल्या नोंदी ‘महाराष्ट्र नायक’ या संकेतस्थळावर वाचता येतात. बाबूराव सडवेलकर यांचे ‘महाराष्ट्रातील कलावंत : आदरणीय आणि संस्मरणीय’, प्रल्हाद अनंत धोंड यांचे ‘रापण’ ही पुस्तके सार्वजनिक ग्रंथालयांत मागून पाहावीत. ‘रापण’ पाठ्यपुस्तक नाही, पण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधली माणसे कशी होती, हे त्याइतके जिवंत दुसरीकडे क्वचित मिळेल. पाश्चात्त्य चित्रकारांची पहिली ओळख मराठीतून हवी असेल, तर अच्युत गोडबोले आणि दीपा देशमुख यांचे ‘कॅनव्हास’ चांगले. परीक्षेसाठी तेवढ्यावर थांबू नये.

एक उदाहरण मुद्दाम देते. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, १९२४ चा. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या कामाचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन भरवले. २०२१ मध्ये त्यांचे एक चित्र लिलावात ३९.९८ कोटी रुपयांना गेले. त्यांच्यावर मराठीत सतीश नाईक यांनी संपादित केलेला ‘गायतोंडे’ हा जाडजूड ग्रंथ आहे. आपल्या ग्रंथालयात तो नसेल, तर खरेदीसाठी सूचना देता येते. बहुतेक ठिकाणी वाचकांच्या मागणीची वही असते. तिच्यात शेवटची नोंद कधीची आहे, ते गेल्यावर पाहा.

जुने काही चाळायचे असेल तर ‘मार्ग’. मुल्कराज आनंद यांनी १९४६ मध्ये मुंबईत सुरू केलेले हे कलेचे नियतकालिक बांधीव खंडांच्या रूपात जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असू शकते. नियतकालिके सहसा पुस्तकांच्या यादीत दिसत नाहीत, ती वेगळी विचारावी लागतात.

फोनवर फुकट आणि कायदेशीर?

बरेच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली शेकडो प्रकाशने ऑनलाइन वाचायला ठेवली आहेत आणि २०१७ पासून लाखो चित्रे कोणत्याही वापरासाठी खुली केली आहेत. याच संग्रहालयाची कलेतिहासाची कालरेषा अभ्यासक्रमाच्या टिपणांसाठी उत्तम. लॉस एंजेलिसच्या गेटीचे आभासी ग्रंथालय आहे, तिथून पूर्ण पुस्तके उतरवता येतात. ‘स्मार्टहिस्टरी’वर एकेका कलाकृतीवर छोटे लेख आणि व्हिडिओ आहेत. भारतीय कलेसाठी बंगळूरुच्या ‘मॅप अकादमी’चा ऑनलाइन कोश २०२२ पासून खुला आहे; भाषा सोपी, मांडणी फोनला साजेशी. आधुनिक भारतीय कलेवर कुणी काय लिहिले, हे शोधायला हाँगकाँगच्या ‘एशिया आर्ट अर्काइव्ह’ची दक्षिण आशियाई कलालेखनाची सूची. तिच्यात मराठी लेखनाच्याही नोंदी आहेत. लेख तिथे मिळेलच असे नाही, पण कोणत्या अंकात आहे ते कळते, आणि मग तो अंक इथल्या ग्रंथालयात मागता येतो.

‘जेस्टोर’वर वैयक्तिक खाते उघडले की दरमहा १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. एका प्रबंधाला शंभर पुरेसे होतात. ‘शोधगंगा’ ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची पीएच.डी. प्रबंधांची साठवण. विदर्भातल्या मंदिरांवर, मूर्तींवर, लोककलेवर मराठी-इंग्रजीत काय काम झाले आहे, हे तिथे पाहावे. प्रबंध प्रकरणानुसार वेगवेगळ्या फायलींत असतो. संदर्भसूचीची फाइल आधी उतरवा. कुणीतरी चार-पाच वर्षे घालवून तयार केलेली वाचनाची यादी तुम्हाला एका मिनिटात मिळते. प्रबंधातला मजकूर उचलू मात्र नका, तपासणीचे सॉफ्टवेअर शोधगंगेवरच्या प्रबंधांशी जुळवणी करते.

कॉलेजच्या लॉगिनने काय उघडते?

हे विचारणारे फार थोडे विद्यार्थी आहेत. अनेक महाविद्यालये इन्फ्लिबनेटच्या ‘एन-लिस्ट’ योजनेचे सदस्य असतात आणि विद्यार्थ्याला स्वतंत्र लॉगिन मिळू शकते. ग्रंथपालांकडे ईमेल देऊन ते मागायचे, एवढेच. शासकीय संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘एक देश, एक सदस्यता’ योजना सुरू आहे. केंद्राने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके त्यात आहेत. विज्ञान आणि अभियांत्रिकीला याचा मोठा फायदा. कलेच्या इतिहासाला तुलनेने कमी, असे माझे मत. कारण या योजनेत नियतकालिके आहेत, पुस्तके नाहीत, आणि हा विषय अजूनही मोठ्या चित्रांच्या जाड पुस्तकांवर चालतो. तरी ‘साउथ एशियन स्टडीज’सारख्या नियतकालिकांसाठी लॉगिन घेऊन ठेवावे.

पानांचे फोटो काढले तर चालते?

स्वतःच्या अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी वाजवी वापराला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतात, म्हणून अख्खे पुस्तक फोनवर टिपून ग्रुपवर टाकणे यात बसत नाही. ग्रंथालयाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तेव्हा आधी विचारा. फ्लॅश बंद ठेवा. आणि पहिला फोटो मुखपृष्ठामागच्या पानाचा घ्या, जिथे प्रकाशक आणि वर्ष असते. नंतर संदर्भ लिहिताना ते हमखास सापडत नाही.

इतके करूनही पुस्तक मिळाले नाही तर?

इन्फ्लिबनेटच्या ‘इंडकॅट’वर ते कोणत्या भारतीय विद्यापीठात आहे ते पाहता येते. तुमचे ग्रंथालय ‘डेलनेट’चे सदस्य असेल, तर ते दुसऱ्या ग्रंथालयाकडून काही दिवसांसाठी मागवता येते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने आपला जुना ठेवा ‘ग्रंथ संजीवनी’ या संकेतस्थळावर आणला आहे. नोंदणी करून पाहावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजला जायचे ठरवलेच, तर जाण्याआधी यादीतून पुस्तकांचे क्रमांक लिहून न्या आणि ग्रंथपालांना ईमेल करा. रात्रभराचा प्रवास करून गेल्यावर कपाटाची किल्ली रजेवर असू नये.

मावसबहिणीला प्रवास करावा लागला नाही. देगलूरकरांचे पुस्तक तिने चार दिवस ग्रंथालयात बसून हाताने टिपले. कनिंगहॅमच्या नकाशावर स्वतःच्या साठ फोटोंची ठिकाणे मांडली, तेव्हा त्यातले अकरा फोटो ती समजत होती त्या मंदिराचे नव्हतेच, असे निघाले. आता ती मार्कंड्याला पुन्हा जाणार आहे. या वेळी मोजपट्टी घेऊन, आणि गाडी चालवायला मला घेऊन.